डोंग्याची खांदशेकणी

मी फक्त सहा क्लिपा बदलायचं ठरवलं होतं. सहा. एका मुठीत मावतील एवढ्या. त्यापायी एक धडधाकट माणूस पिवळा झाला, माझा मुलगा धरणाच्या मधोमध देवाचं नाव घेऊ लागला, आणि गावातले लोक आजही मला पाहिलं की आधी हसतात, मग विचारतात, "काय वो आजी, बरं हाय ना?" झालं काय ते मीच सांगते. दुसऱ्याकडून ऐकाल तर त्यात माझी चूक जास्त निघेल.

आमचं जुनं गाव धरणात गेलं त्याला आता बरीच वर्षं झाली. नवं गाव मिळालं. रस्ते सरळ, घरं एका रांगेत, सगळी सारखी. (पहिला महिनाभर मी शेजाऱ्याच्याच घरात शिरून "हे मडकं इथं कोणं ठेवलं?" म्हणून ओरडत होते.) तीन एकर शेत मात्र पाण्यापलीकडे उंचावर उरलं. रस्त्यानं जायचं तर फिरून फिरून चोवीस किलोमीटर. पाण्यावरून गेलं तर बारा मिनिटं. म्हणून बैल विकले तेव्हा आम्ही पत्र्याचा डोंगा करून घेतला. नावेला आमच्याकडे डोंगाच म्हणतात. आर्वीच्या प्रेमदास मिस्त्रीनं त्यात शेतातल्या पंपाचं डिझेल इंजिन बसवलं, वर लाकडी पेटी केली, आणि मला म्हणाला, "आजी, हे इंजिन तुमच्यापेक्षा जास्त जगन." मी म्हटलं, पाहू.

डोंगा कोण चालवतं? मी. एकाहत्तर वय आहे माझं. शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण ते इंजिन हँडल मारून एका दमात सुरू करते. आमचे हे, म्हणजे लक्ष्मणराव, तीस वर्षं आर्वी डेपोत एसटीचे ड्रायव्हर होते. जगातलं कुठलंही इंजिन त्यांना कळतं, असं ते सांगतात. पण पाण्याला भितात. डोंगा आला त्या दिवशीच म्हणाले, "ज्याले ब्रेक नाई त्यात मी बसत नाई," आणि तेव्हापासून कधी बसले नव्हते.

आणि खरं सांगू? मी एकदाही आग्रह केला नाही.

रिटायर झाल्यापासून या माणसाची एसटी गेली, पण स्टिअरिंग गेलं नाही. आता ते घर चालवतात. मी भाकर थापते, हे बाजेवरून म्हणतात, "एका बाजूनं जाड होऊन राह्यली." मी झाडते, हे म्हणतात, "कोपरा सुटला." मी शिंकले तरी, "तोंडावर पदर घ्या लागते." सकाळी सहाला सुरू होतात. आठ वाजता मी डोंग्याची दोरी सोडते, इंजिन धडधडतं, आणि आवाज मागे मागे राहत जातो. पलीकडे कपाशी, तूर, दोन ओळी भेंडी आणि एक बाभूळ. कपाशी काही सांगत नाही. तूरही नाही. चार वाजेपर्यंत मी कशीही निंदते, कशीही बसते, वाटलं तर बाभळीखाली झोपते, आणि कोणाचा कोपरा सुटत नाही. तेव्हा डोंगा म्हणजे मला काय होता, ते तुमच्या ध्यानात आलं असेल. बायकांच्या तर नक्कीच आलं असेल.

तर श्रावणात एक दिवस डोंग्यात पाणी दिसलं. पहिल्या दिवशी घोट्याएवढं. मी डब्यानं उपसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग पेटीचं झाकण काढून पाहिलं. इंजिन तापू नये म्हणून ते धरणाचंच पाणी पितं. तळाच्या भोकाला एक कॉक, तिथून रबरी पाइपानं पाणी इंजिनात जातं, आणि दुसरीकडून गरम होऊन बाहेर पडतं. असे तीन पाइप, त्यांची सहा तोंडं, आणि प्रत्येक तोंडावर आवळायला स्क्रूवाली लोखंडी पट्टी. तिला क्लिप म्हणतात. त्या सहाही क्लिपा गंजून जळक्या पापडासारख्या झाल्या होत्या. बोट लावलं की पापुद्रा हातात. तिथूनच पाणी झिरपत होतं.

हे मी कोणाला सांगणार नव्हते. पण त्याच संध्याकाळी मी काठावर उतरले आणि समोर कैलास उभा. माझा मुलगा. पुलगावच्या कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरीला आहे, रोज मोटरसायकलनं जातो-येतो. माझं लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं.

"माय, हे काय?"

"पाणी."

"ते दिसून राह्यलं मले. डोंग्यात कुठून आलं?"

"धरणातून. आणखी कुठून येईन?"

"म्हणजे डोंगा गळून राह्यला आन् तू एकटी त्यात जाऊन राह्यली!"

"गळत नाई. झिरपते."

त्यानं डोक्याला हात लावला. मग घराच्या अंगणात येईपर्यंत जे बोलला त्यावरून कळलं, की त्याच्या मनात हे आधीपासूनच शिजत होतं. हायवेवर बाबारावांचं लग्नाचं लॉन आहे. त्यांना डोंगा हवा होता. आता म्हणे लग्नाच्या आधी नवरानवरीचे फोटो काढतात, पाण्यात, डोंग्यात बसवून. मी विचारलं, "आधी?" तो म्हणाला, "हो, आधी." आमच्या लग्नानंतर सहा महिने मी यांचं तोंड नीट पाहिलं नव्हतं. (नंतर पाहिलं. पोटभर पाहिलं.) बाबाराव डोंग्याला गुलाबी रंग देणार होते आणि पुढच्या टोकावर लोखंडी बदाम बसवणार होते. शेत मक्त्यानं द्यायचं. आणि मी?

"तू आता घरी आराम कर," कैलास म्हणाला. "बाबापाशी बस."

बाजेवरून आवाज आला, "बसन ना. जागा हाय."

तेव्हाच माझ्या अंगात आलं म्हणा. मी पदर कमरेला खोचला. "डोंगा माहा हाय. सहा क्लिपा खराब झाल्या तं सहा क्लिपा बदलू. तुह्या बापाचे गुडघे गेले, दात गेले, तं त्याले काय कोणाच्या लॉनवर नेऊन बसवलं?"

छायानं, आमच्या सुनेनं, तोंडाला पदर लावला. ती अंगणवाडीत शिकवते, तिला हसू दाबायची सवय आहे.

कैलास माझाच मुलगा. तोही हटला नाही. "ठीक हाय. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मले सुट्टी हाय. त्या दिवशी बाबारावले बलावतो. डोंगा पलीकडं जाऊन वापस आला आन् आत पाणी नाई आलं, तं डोंगा तुहा. पुन्हा इकायचं नाव काढणार नाई. आन् पाणी आलं, तं बाबाराव घेऊन जाईन. मंजूर?"

"मंजूर. पण काठावरून पाह्यचं नाई. तूही त्यात बसजो, आन् तुहा बाबारावही."

पोळ्याला सहा दिवस होते.

क्लिपा आणायला मी एसटीनं आर्वीला गेले. दुकानदार म्हणाला, "आजी, कोणत्या मापाच्या?" माप मला कुठलं सांगता येणार? पण मी रिकाम्या हाती गेले नव्हते. नात सुरभी, जी आता वर्ध्याला कॉलेजात आहे, तिच्या बारशाच्या बांगड्या माझ्या पेटीत आहेत. त्यातली एक मी पाइपावर चढवून पाहिली होती, बरोबर बसली होती. ती मी काउंटरवर ठेवली.

"या मापाच्या सहा."

दुकानदारानं बांगडी पाहिली, मला पाहिलं. "आजी, बांगड्याचं दुकान बाजूचं हाय."

"तिथं इंजिनाच्या क्लिपा भेटतात का?"

त्यानं क्लिपांचा डबा उघडला. मग एकेक क्लिप बांगडीशी लावून पाहिली आणि सहा बरोबर मापाच्या काढून दिल्या. मागे उभ्या असलेल्या दोन माणसांनी आपापल्या चिठ्ठ्या खिशात घातल्या. त्यांना वाटलं असेल, आपणही बांगडी आणायला पाहिजे होती.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी कामाला बसले. हे खुर्ची घेऊन काठावर. जुन्या क्लिपांचे स्क्रू फिरेनात, डोकीच उरली नव्हती.

"आधी गाडी न्यूट्रलले टाक," काठावरून.

"याले गिअरच नाई."

"मंग हँडब्रेक लाव."

मी आरीचं पान घेऊन पहिली क्लिप कापली. दुसरी धरली तर हातातच चुरा झाली. तिसरी सांडशीनं ओढली. दुपारपर्यंत सहाही निघाल्या, पाइपांची तोंडं पुसली, नव्या क्लिपा चढवल्या, स्क्रू आवळले. मनगट दुखलं, एक नख गेलं. पण पेटीत पाहिलं तर सहा चांदीचे चुडे चमकत होते. यांनी खुर्ची जवळ ओढली. बराच वेळ शोधून म्हणाले, "झाकण वाकडं बसलं."

इथेच थांबले असते तर ही गोष्ट झाली नसती.

पण ती संध्याकाळ खांदशेकणीची होती. ज्यांच्याकडे बैल नाहीत त्यांच्यासाठी सांगते. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे शेकतात. वर्षभर ज्या जागी जू घासलं, त्या जागी गरम पाण्याचा शेक देऊन हळद आणि तूप पळसाच्या पानानं चोळतात, आणि त्याला जेवणाचं आमंत्रण देतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आमच्या दारी बैल नाहीत. बैलांच्या जागी डोंगा आला, म्हणून दर पोळ्याला मी डोंग्याला हळद-कुंकू लावून पुरणपोळी दाखवते. पण या वर्षी डोंग्याची परीक्षा होती. या वर्षी मी ठरवलं, त्याचा सगळा मान करायचा. खांदशेकणीसुद्धा.

आता डोंग्याचा खांदा कोणता? मी विचार केला. बैलाचा खांदा म्हणजे जिथे जू बसतं. इंजिनाला जू कुठे बसलं? क्लिपेखाली! नवं जू बैलाला काचतं, हे मी लहानपणापासून पाहत आले. नवी क्लिप रबराला काचणार नाही का? नक्कीच काचणार. (अजूनही मला हा विचार चुकीचा वाटत नाही. रबराला वाटला.)

मी घरी जाऊन छायाला तूप मागितलं.

"किती, आई?"

"सहा खांद्याले पुरन एवढं."

"सहा?" ती वाटी भरत म्हणाली. "तीन बैल कुठून आणले?"

"डोंग्याले लावून राह्यली."

छायानं वाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "सगळं तूप डोंग्यालेच? उद्या पुरणपोळीवर काय घेऊ, डिझेल?"

मी अर्धी वाटी परत ओतली आणि निघाले. एकेक क्लिप सैल केली, पाइपाचं तोंड थोडं मागे ओढलं, आत-बाहेर हळदीचं तूप पळसाच्या पानानं चांगलं मुरेपर्यंत चोळलं, पाइप पुन्हा चढवला. आणि तो किती सुरेख चढला! दुपारी ज्याला ढकलून ढकलून माझं नख गेलं, तो आता आपोआप सरकत होता. मला वाटलं, पाहा, सुखावला. स्क्रू आवळून प्रत्येकाला अर्धा फेरा मागे घेतला. श्वास घ्यायला नको का? मग हात जोडून म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." इंजिन काही बोललं नाही. बैल तरी कुठे बोलतो?

तेवढ्यात प्रेमदास मिस्त्रीचा फोन. "आजी, क्लिपा बसल्या म्हणे. एकदा इंजिन चालवून पाहा. झिरपलं तं अर्धा फेरा अजून आवळा."

"आज कसं चालवू? आज खांदशेकणी झाली. उद्या पोळा."

"मंग?"

"मंग काय! पोळ्याले कोणी बैल जुंपते का?"

"आजी, तो डोंगा हाय."

"डोंगा हाय म्हणून त्याले सुट्टी नाई?"

तो म्हणाला, "बरं, पोळा झाल्यावर चालवजा," आणि फोन ठेवला. तुपाचं मी त्याला सांगितलं नाही. त्यानं विचारलंही नाही. मिस्त्री लोकांना जे विचारायचं असतं ते नेमकं सुचत नाही.

पोळ्याच्या दिवशी डोंगा दिवसभर काठाला उभा. गळ्यात झेंडूची माळ, पुढ्यात पुरणपोळी. तूप आतल्या आत मुरत होतं.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोरांचे लाकडी बैल संध्याकाळी निघणार, पण गाव सकाळपासूनच धरणावर, माझा पोळा पाहायला. बाबाराव दहा वाजता आले. पांढरी पँट, पांढरा शर्ट, पांढरे बूट, काळा चष्मा. डोंग्याकडे न पाहता आधी सगळीकडून आकाश पाहिलं आणि म्हणाले, "लाइट चांगला हाय."

कैलासनं केशरी लाइफ जॅकेट घातलं होतं. मला एक देऊ लागला. मी म्हटलं, "बुडाले निघालो का आपण?"

मी हँडल मारलं. एका दमात इंजिन सुरू. झेंडूची माळ हलली, काठावर टाळ्या पडल्या. हे खुर्चीवरून ओरडले, "आरशात पाहून घे!" आणि आम्ही निघालो. एक मिनिट गेलं, दोन, चार. कैलास वाकून पेटीखाली पाहत होता. कोरडं. खटखटीत. बाबाराव मोबाइल धरून स्वतःचाच व्हिडिओ काढत होते, "मित्रांनो, लवकरच आपल्या लॉनवर..."

मी कैलासला विचारलं, "आलं का पाणी?"

"नाई," तो म्हणाला, आणि त्याच्या तोंडावर जे आलं ते पाहून माझं पोट भरलं. "खरंच नाई, माय."

"मंग सांग तुह्या बाबारावले, बदाम दुसरीकडं ठोकाले."

हे मी बोलायला नको होतं. इंजिन आता चांगलं तापलं होतं. त्याबरोबर तूपही तापलं होतं. आधी पुरणपोळी भाजल्यासारखा वास आला. बाबाराव नाक वर करून म्हणाले, "वा, काय मस्त..." आणि पेटीतून आवाज आला.

फट्.

गरम पाण्याचा पाइप क्लिपेतून सुटला. कसा सुटला म्हणता? जसा साबणाचा हात बांगडीतून सुटतो तसा, अलगद. क्लिप जागच्या जागी राहिली, आणि पाइपाचं तोंड पेटीबाहेर येऊन सापासारखं उभं राहिलं. त्यातून जे पाणी उडालं ते पिवळं होतं. चांगलं घट्ट पिवळं, वर तुपाची तार. ते पाणी माझ्यावर आलं नाही, कैलासवर आलं नाही. ते सरळ बाबारावांच्या पांढऱ्या शर्टावर, पँटवर, बुटावर आणि चष्म्यावर गेलं. भाजेल एवढं गरम नव्हतं, हे त्यांच्या ओरडण्यावरून नव्हे, नंतर कळलं.

"हे काय हाय? हे काय हाय?"

"हळद," मी म्हटलं. खोटं का बोलू?

"हळद? इंजिनात?"

"पोळा होता ना कालचा."

मी इंजिन बंद केलं. ते बंद होताच शांत झालं, आणि त्या शांततेत खालून गुळगुळ आवाज आला. कैलासनं वाकून पाहिलं. तळाच्या कॉकवरचा पाइपही सुखावून निसटला होता, आणि धरण डोंग्यात येत होतं.

"कॉक बंद कर!" मी ओरडले.

"फिरत नाई! गंजला!"

गंजला होता. मी क्लिपा बदलल्या होत्या. कॉक सहात मोजला नव्हता.

मग मी जे केलं ते कोणी सांगत नाही, म्हणून सांगते. मी पदर खोचला, त्या भोकाशी बसले आणि उजव्या पायाची टाच त्यावर दाबून धरली. शेतात पन्नास वर्षं अनवाणी चाललेली टाच आहे ही, हिला भेगा आहेत पण भोकं नाहीत. पाणी थांबलं. जवळजवळ. कैलास डब्यानं उपसू लागला, तोंडानं देवाचं नाव. मी हलू शकत नव्हते. राहिलं कोण?

"बाबाराव," मी म्हटलं, "ते वल्हं घ्या."

"मी?"

"मंग काय तो बदाम मारन वल्हं?"

बाबारावांनी वल्हं मारलं. जन्मात पहिल्यांदा. एकाच बाजूनं. डोंगा गोल फिरला. पुन्हा गोल फिरला. समोर गाव दिसे, मग शेत दिसे, मग गाव. काठावर लोक हसून हसून बसले होते. आणि त्या सगळ्या गलक्यावर एकच आवाज स्वच्छ येत होता.

"डावीकडं घे! डावीकडं! तुही डावी नाई, माही डावी! रिव्हर्स घे! इंडिकेटर दे!"

अर्ध्या तासानं आम्ही काठाला लागलो. बाबाराव उतरले. एका पोरीनं विचारलं, "आई, यांचं लगन कवा हाय?" कोणीतरी म्हणालं, "हळद तं लागली." बाबारावांनी चष्मा काढला. डोळ्यांभोवतीचे दोन गोल तेवढे कोरडे होते.

"कैलासभाऊ," ते म्हणाले, "मले हा डोंगा नको. फुकट दिला तरी नको. वर बक्षीस दिलं तरी नको. हे बाई ज्या पाण्यावर हाय, त्या पाण्यावर मी फोटो काढत नाई." आणि गेले. गाडीच्या सीटवर आधी पेपर अंथरला, मग बसले.

कैलास ओला, मी ओली. त्यानं डबा खाली टाकला. "पाणी आलं, माय. ठरलं होतं ना?"

"काय ठरलं होतं? पाणी आलं तं बाबाराव घेऊन जाईन. नेला का त्यानं?"

"नाई, पण..."

"मंग डोंगा कोणाजोळ राह्यला?"

"माय, हे काय जिंकणं हाय?"

"डोंगा माह्या दारी हाय आन् बाबाराव त्याच्या घरी हाय. याले तुमच्या पुलगावात काय म्हणतात ते मले नाई माहीत. आमच्या इथं जिंकणं म्हणतात."

छाया म्हणाली, "आईचं बरोबर हाय." आता पदर तिनं तोंडाला लावला नव्हता. कैलासनं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बोलला, तो शब्दाचा पक्का आहे म्हणून बोलला, "बरं. डोंगा तुहा. पुन्हा इकायचं नाव नाई काढणार."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रेमदास मिस्त्री आला. पेटी उघडली, एक पाइप नाकाला लावला आणि तिथेच काठावर बसला. बराच वेळ त्याला उठता येईना. नंतर डोळे पुसून म्हणाला, "आजी, क्लिपा एक नंबर मापाच्या आणल्या. मी आणल्या असत्या तं एवढ्या नेमक्या नसत्या बसल्या. पण रबराले तूप नाई लावत, बाप्पा."

"बैलाले लावतात."

"बैलाले क्लिपा नसतात!"

त्यानं सगळं सोड्यानं धुतलं, कॉक नवा बसवला, सहाही क्लिपा आवळल्या आणि अर्धा फेरा पुढे घेतला. इंजिन तासभर चालवलं. थेंब नाही. मी काठावर उभी राहून सगळ्या गावाकडे एकदा पाहिलं. पुढच्या पोळ्याला तूप लावणारच आहे, असंही सांगून टाकलं. लावायची जागा फक्त बदलेन.

तेव्हा कैलास हळूच म्हणाला, "माय, डोंगा तुहा. शब्द म्हणजे शब्द. फक्त एक. आता एकटीनं नाई जायचं. पाण्यात कोणीतरी संग पाह्यजे. काल मी नसतो तं उपसलं कोणं असतं?"

हे खरं होतं. टाच एकच होती. मी म्हटलं, "चालते. येईन कोणीतरी." मनात म्हटलं, येणार कोण? कैलासला जिनिंग, छायाला अंगणवाडी, सुरभी वर्ध्याला. चार दिवस म्हणतील, मग विसरतील.

"मी जातो ना," खुर्चीवरून आवाज आला.

आम्ही सगळ्यांनी वळून पाहिलं. हे उभे राहिले होते.

"तुमी?" मी म्हटलं. "तुमाले तं पाण्याची भीती वाटते!"

"वाटत होती. पण काल मी काठावरून सगळं पाह्यलं. तुमाले पाण्याची अडचणच नव्हती. तुमाले सांगणारं कोणी नव्हतं."

कैलासचे डोळे भरून आले. "बाबा!" म्हणाला. छाया पुन्हा पदराआड गेली, पण या वेळी खांदे हलत होते. मी लाख म्हटलं, गुडघे दुखतील, ऊन लागेल, पलीकडे बसायला खुर्ची नाही. हे म्हणाले, "खुर्ची घेऊन जाऊ."

तर आता आम्ही दोघं जातो. डोंगा माझाच आहे, चालवतेही मीच. हे पुढे खुर्चीवर, केशरी जॅकेट घालून. बारा मिनिटं पाण्याचं सांगतात. मग पलीकडे उतरून कपाशीचं सांगतात, तुरीचं सांगतात, बाभळीला कुठून वाढायला पाहिजे होतं तेही सांगतात. मी खाली मान घालून निंदते.

पहिल्या दिवशी चार वाजता परत निघालो. मी हँडल मारायला वाकले, तर यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत त्यांचा चेहरा मी एवढा खुललेला पाहिला नव्हता.

"कोकिळे," म्हणाले, "उद्यापासून जरा लवकर निघत जाऊ. आठले लय उशीर होते."